शेपटी गळत नाही: तिसरीच्या मुलांना बेडूक कसा सांगावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या मराठी शाळेत तिसरीला परिसर अध्ययन शिकवणाऱ्या एका बाईंनी फळ्यावर गोल काढून बाणांनी बेडकाचं जीवनचक्र दाखवलं, पण मुलांच्या शंका त्या गोलात बसेनात. शेपटी कुठं जाते? दिवाळीनंतर बेडूक कुठं जातात? हात लावला तर चामखीळ येते का? आणि बाईंची स्वतःची एक शंका: वर्गात बरणीत ठेवलेले बेडूकमासे आठवडाभरात का मरतात?

बाई, मुलांनी नेमकं मोक्याच्या जागी बोट ठेवलंय, म्हणून शेपटीपासूनच सुरुवात करूया.

शेपटी गळून पडत नाही आणि शेपटीचे पायही होत नाहीत. हे दोन्ही गैरसमज मुलांच्या डोक्यात चित्रामुळेच शिरतात. एका चित्रात शेपटी असते, पुढच्या चित्रात पाय असतात आणि शेपटी नसते. मग मूल हिशोब करतं, की गेली त्याचे हे झाले. खरं तर मागचे पाय शेपटीच्या बुडाशी, दोन्ही बाजूंना वेगळे फुटतात, आणि चारही पाय आलेले असताना शेपटी अजून जागेवरच असते. नंतर ती आतून विरघळत जाते आणि त्यातलं सत्त्व अंगातच मुरतं. मुलांना मी एकच शब्द सुचवेन: शिदोरी. या दिवसांत बेडूकमाशाचं तोंड बदलत असतं. शेवाळ खरवडणारी बारकी चोच जाते आणि किडे गिळणारं रुंद तोंड तयार होतं. घराचं दार बदलताना येणं-जाणं बंद असतं, तसं त्याचं खाणं बंद पडतं. तेवढे चार-सहा दिवस तो शेपटीच्या शिदोरीवर काढतो. हे वाक्य लहान आहे आणि खरंही आहे. लहान मुलांना शास्त्र सांगताना हीच अट धरावी. सोपं करताना खोटं होऊ देऊ नये, कारण तिसरीत शिकलेलं खोटं दहावीपर्यंत डोक्यातून जात नाही.

आता त्या गोलाबद्दल. त्यात वेळ दिसत नाही, हा त्याचा मोठा दोष. बऱ्याच पुस्तकांत अंड्यापासून बेडूक व्हायला १२ ते १६ आठवडे लागतात असं छापलेलं असतं. हा हिशोब थंड मुलखातल्या बेडकांचा आहे. आपल्याकडच्या डबक्यातलं पाणी कोमट असतं. त्यामुळे अंडी एक-दोन दिवसांत फुटतात आणि नेहमीच्या जातींची पिल्लं साधारण ५ ते ८ आठवड्यांत पाण्याबाहेर येतात. घाई करणं त्यांना भागच असतं. रस्त्याकडेचं डबकं, भाताचं खाचर, जांभ्या दगडावरचा पाण्याचा खळगा यांतलं काहीच कायमचं नाही. पावसाने पंधरा दिवस ओढ दिली की सगळी पिढी वाळून जाते. म्हणून गोल काढण्याऐवजी भिंतीवर एक लांब कागदी पट्टी लावा आणि तिच्यावर आठ आठवडे आखा. वरच्या ओळीत बेडूकमाशाचं चित्र, खालच्या ओळीत त्याच डबक्यातल्या पाण्याची खोली, सेंटिमीटरमध्ये. मुलांना लगेच कळतं की ही शर्यत चालली आहे.

आपल्याकडे शाळा उघडणं आणि मृग लागणं जवळपास एकदमच होतं, ही मोठी सोय आहे. पहिल्या दोन-तीन दमदार सरींनंतरच्या रात्री मोठे बेडूक ओरडायला लागतात. त्या आठवड्यातच पट्टी सुरू करा. जुलैत धडा येईल तेव्हा बघू म्हणालात तर पहिली पिल्लं डबकं सोडायच्या बेतात असतात. जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस इतका असतो की पाणी सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत टिकतं आणि एकापाठोपाठ एक जातींची अंडी बघायला मिळतात. तेच अथणी, रायबागकडे पाऊस कमी आणि बेभरवशाचा. तिथं डबक्याच्या नादी न लागता कालव्याच्या पाण्याची जागा किंवा जुनी पायऱ्यांची विहीर लांबून बघावी.

पहिल्या आठवड्यात काय दिसतं? अंड्यांना कवच नसतं, भोवती पारदर्शक चिकट आवरण असतं. मुलांना भिजवलेला सब्जा दाखवा. काळा ठिपका आणि भोवती बुळबुळीत वेष्टण, हुबेहूब तसंच. सगळ्यांची अंडी एकसारखी नसतात, आणि इथेच मुलांना गोडी लागते. खडबडीत अंगाचा, रात्री पडवीतल्या दिव्याखाली येऊन बसणारा भेक काळ्या मण्यांच्या लांबलचक माळा घालतो. मोठ्या पिवळ्या बेडकाची अंडी उथळ पाण्यात विखुरलेली असतात. अडीच सेंटिमीटरच्या आतला एक चिमुकला बेडूक असतो, त्याची अंडी पाण्यावर पातळ सायीसारखी पसरतात. न्हाणीघरात भिंतीला चिकटलेला सापडतो तो झाडबेडूक पाण्याच्या वर, हौदाच्या कडेला किंवा फांदीवर फेसाचा गोळा करून त्यात अंडी घालतो. पिल्लं सुटली की फेसातून खाली पाण्यात टपकतात. फेसाखाली पाणी असायलाच हवं. कुणी हौद रिकामा करून घासला की ती पिल्लं कोरड्या फरशीवर पडतात.

अंड्यातून नुकतं सुटलेलं पिल्लू पोहतही नाही आणि खातही नाही. त्याला अजून उघडं तोंड नसतं. पोटात साठवलेल्या बलकावर ते जगतं आणि डोक्याखालच्या चिकट ठिकाणाने गवताच्या काडीला लटकून राहतं. मानेच्या दोन्ही बाजूंना झालरीसारखे बारीक कल्ले असतात. हातभिंगातून दिसतात, पण दोन-तीन दिवसच. मग त्यांच्यावर कातडीचं झाकण येतं आणि पाणी बाहेर जायला बहुतेक जातींत डाव्या अंगाला एकच भोक उरतं. पुढचे पाय याच झाकणाखाली लपून वाढतात, म्हणून ते दिसत नाहीत. मागचे पाय उघड्यावर, हळूहळू, आधी कोंबासारखे फुटतात. पुढचे मात्र एका रात्रीत, बाही फाडून हात काढावा तसे बाहेर येतात. "मागचे पाय आधी येतात" असं वहीत लिहून घेण्यापेक्षा पुढचे कुठं लपले होते हे विचारा.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बेडूकमाशाला पांढऱ्या वाटीत घेऊन खालून बघितलं तर पोटावर चकलीसारखी वेटोळी दिसतात. ते त्याचं आतडं. शेवाळ आणि कुजकी पानं पचायला आतडं लांब लागतं. बेडूक झाल्यावर किडे खायचे असतात, तेव्हा तेच आतडं आखूड होतं. म्हणजे बदल नुसता बाहेरचा नाही. तोंड, आतडं, श्वास, कातडी, सगळं घर पाडून त्याच जागेवर दुसरं बांधलं जातं. हे काम सुरू करण्याचा हुकूम गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा. १९१२ साली गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना जनावरांची थायरॉइड ग्रंथी खायला घातली, तेव्हा ते वेळेच्या कितीतरी आधी बेडूक झाले, माशीएवढे. तिसरीला हे नको, पण सातवीतला एखादा चौकस मुलगा विचारेल म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

सगळे बेडूकमासे शाकाहारी, असंही सांगू नका. मोठ्या पिवळ्या बेडकाची पिल्लं दुसऱ्या बेडूकमाशांना खातात, आपल्या भावंडांनाही सोडत नाहीत. भेकाची पिल्लं काळीभोर, थव्याने फिरणारी. चिमुकल्या बेडकाची पिल्लं जवळजवळ पारदर्शक, पाण्यात अधांतरी तरंगत, पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म अन्न खाणारी. एकाच डबक्यात तिन्ही सापडू शकतात. मुलांना त्यांची मोजणी करायला लावा, नावं नंतर.

बरणीत ती मरतात त्याची कारणं साधी आहेत आणि बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त कारणं एकत्र येतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते कल्ल्यांना भाजतं. मुलं प्रेमाने भात नाहीतर बिस्किट टाकतात. ते रात्रीत आंबतं, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि सकाळी सगळी पिल्लं पृष्ठभागावर तोंड काढून धडपडताना दिसतात. बरणीचं तोंड अरुंद, त्यामुळे हवेला पाण्याशी भिडायला जागा कमी. खिडकीतलं ऊन पडलं की पाणी तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू आणखीच कमी मावतो. शिवाय अर्ध्या लिटरात चाळीस पिल्लं. यातूनही एखादं वाचून त्याला चार पाय आले तर ते बुडून मरतं! मुलांना हे खरंच वाटत नाही. पण तोवर त्याचे कल्ले गेलेले असतात, फुप्फुसं चालू झालेली असतात, आणि गुळगुळीत उभ्या काचेवर चढायला काही नसतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बरणी नको आणि अंडी उचलून आणणंही नको. मोठा पिवळा बेडूक वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतो. त्याला पकडणं किंवा मारणं गुन्हा आहे, खाण्यासाठी असलं तरी. बेडकांच्या तंगड्यांची निर्यातही भारताने १९८७ मध्ये बंद केली. आणि अंड्यावरून जात ओळखणं मुलांना जमणार नाही. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर कशालाच हात लावायचा नाही.

त्याऐवजी शाळेच्या आवारात पाण्याची जागा करा. बेडकांना बोलवावं लागत नाही, भोवती शिवार असेल तर ते आपसूक येतात. एक मीटरभर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल प्लास्टिकचं टब चालेल. नाहीतर तेवढाच खड्डा खणून त्यात जाड ताडपत्री घाला आणि कडा दगडांनी दाबा. जागा अशी निवडा की सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी सावली. तळाला दोन बोटं शेतातली माती आणि मूठभर वाळकी पानं टाका. पानांवर शेवाळ धरतं, तेच अन्न. आंब्याची पानं जास्त झाली तर पाणी तपकिरी होतं, पण थोडी असतील तर हरकत नाही. एका बाजूला दगड रचून तळापासून काठापर्यंत उतार करा. सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि विसरला जातो तोही हाच. पाणी पन्हाळीचं किंवा विहिरीचं वापरा. नळाचंच घ्यावं लागलं तर पसरट भांड्यात २४ तास उघडं ठेवून मग ओता. पाऊस थांबला आणि पातळी १० सेंटिमीटरखाली गेली की साठवलेलं पाणी हळू ओतून भर घाला. सगळं पाणी एकदम बदलू नका.

खायला घालण्याची गरज सहसा पडत नाही. शेवाळ संपलेलं दिसलं तर उकडलेल्या पालकाचा अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा दहा पिल्लांमागे एक, आणि उरलेला संध्याकाळी काढून टाकायचा.

डासांबद्दल तक्रार येणार, आणि ती रास्त आहे. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून दर चार दिवसांनी चहाच्या गाळणीने वळवळणाऱ्या अळ्या काढून जमिनीवर झटकायच्या, मुलांची पाळी लावून. आरोग्य खात्याचे कर्मचारी गप्पी मासे किंवा औषध टाकायला येतील. त्यांना आधीच सांगून ठेवा, कारण मासे अंडी आणि लहान बेडूकमासे दोन्ही फस्त करतात. बेडूकमासे डास संपवतात, असा दावा मात्र करू नका, बहुतेक जातींचे तसं करत नाहीत. चतुराची अळी टबात आलीच तर ती पिल्लं खाईल. तिला काढू नये असं मला वाटतं. एक मादी हजारो अंडी घालते आणि त्यातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच मोठे होतात, हे त्या अळीशिवाय पटत नाही. वर्गात दोन-तीन मुलं रडतील. रडू द्यावं.

बाहेर डबक्यावर जायचंच असेल तर नडगीच्या वर पाणी असलेली जागा नको, आणि खाणीचे खड्डे तर नकोच नको. दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं. बेडूक जिथं, तिथं साप येतोच. दिवड बिनविषारी असते, पण गवतात घोणसही असू शकते. म्हणून काठीने गवत हलवत मोठ्यांनी पुढं चालावं आणि मुलांना बूट हवेत. पायाला जखम असलेल्याला पाण्यात उतरवू नये. उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार पावसाळ्यात जास्त होतो. लांब काठीला बांधलेली गाळणी, पांढरी वाटी, मोजपट्टी आणि हातभिंग एवढं पुरे. वाटीत एका वेळी दोन पिल्लं, पाच मिनिटं, आणि उचलली तिथंच परत. औषध फवारलेल्या शेताजवळचं डबकं टाळा.

फवारणीचा उल्लेख आला, तर कातडीचं सांगून टाकतो. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ओल्या जमिनीवर बसून पोटाच्या आणि मांड्यांच्या खालच्या कातडीने शोषतो. श्वासाचा काही भागही कातडीनेच चालतो. म्हणून ती ओली राहायला हवी, आणि म्हणूनच पाण्यातलं विषही सरळ अंगात उतरतं. हाताला साबण, सॅनिटायझर किंवा डास पळवणारं मलम लागलेलं असताना बेडकाला धरलं तर तेही उतरतं. वर्गात टिपकागद आणि प्लास्टिकची पिशवी यांवर एकेक थेंब टाकून दाखवा. आपली कातडी पिशवीच्या बाजूची, बेडकाची टिपकागदाच्या.

श्वासाची गंमत लांबूनही बघता येते. बसलेल्या बेडकाचा गळा सारखा खालीवर होत असतो. आपण बरगड्या फुगवून हवा आत ओढतो. मुलांना छातीवर हात ठेवून ते जाणवू द्या. बेडकाला छातीचा पिंजरा नसतो आणि छाती-पोटामधला पडदाही नसतो. तो नाकाने तोंडात हवा घेतो, नाकपुड्या मिटतो आणि तोंडाचा तळ वर उचलून हवा फुप्फुसात ढकलतो, लोहाराच्या भात्यासारखी. म्हणजे श्वासासाठी तोंड मिटलेलं असावं लागतं. म्हणून जीभ दाखवायला त्याचा जबडा उघडून धरणं हा छळच आहे. जीभ कागदाची करून दाखवा. खोक्याच्या पुढच्या कडेला, आतल्या बाजूने, कागदी पट्टी चिकटवा आणि तिचं मोकळं टोक आत दुमडा. टिचकी मारली की पट्टी बाहेर पडते. बेडकाची जीभ अशीच पुढून जोडलेली असते, आपली मागून. गिळताना तो डोळे मिटतो, ते झोपेने नव्हे. डोळ्यांचे गोळे आत दाबले जाऊन घास घशाकडे लोटतात. घरचा अभ्यास म्हणून हे द्या: जूनमध्ये वाळवीची पंखवाली पाखरं दिव्याभोवती पडतात तेव्हा पडवीत भेक येतो. दोन मीटरवर बसून त्याने किती किडे खाल्ले आणि प्रत्येक वेळी डोळे मिटले का, ते मोजायचं. हलणारी वस्तूच तो पकडतो हेही तिथंच कळेल.

चामखीळ भेकामुळे येत नाही. ती एका विषाणूने येते आणि तो विषाणू माणसाकडून माणसाला लागतो. पण "काही होत नाही, धर" असंही म्हणू नका. भेकाच्या डोळ्यांमागे दोन फुगीर गाठी असतात. त्या दाबल्या गेल्या की दुधासारखा विषारी चीक येतो. तो डोळ्याला लागला तर चांगलाच झोंबतो, आणि कुत्र्याने भेक तोंडात धरला की फेस गाळत बसतो. कुठल्याही बेडकाला किंवा डबक्यातल्या पाण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचेच, निघताना, डबा उघडण्याआधी.

ओरडतात ते नर. गळ्याखालची पिशवी फुगते आणि तोंड मिटलेलंच असतं. हवा फुप्फुसातून पिशवीत आणि परत अशी आतल्या आत फिरते. पहिल्या पावसानंतर डबक्यात हळदीसारखे पिवळे बेडूक दिसतात. ते मोठ्या बेडकाचे नर, गळ्याच्या बाजूंना निळ्या पिशव्या. दरवर्षी मोबाइलवर "परदेशी बेडूक आले" म्हणून त्यांचे फोटो फिरतात, पण ते इथलेच असतात. हा रंग थोडे दिवसच टिकतो. डरांव डरांव हा मुख्यतः त्यांचाच आवाज. चिमुकल्याचा आवाज कंगव्याच्या दातांवरून नख ओढल्यासारखा, झाडबेडकाचा लाकडावर टकटक केल्यासारखा. मोबाइलवर अर्धा मिनिट ध्वनिमुद्रण करून वर्गात ऐकवा आणि किती जातींचे आवाज आहेत ते ओळखायला सांगा. डोळे मिटून ऐकताना मुलं मोठ्यांपेक्षा हुशार ठरतात.

दिवाळीनंतर ते मरत नाहीत, आणि मृगात मातीपासून नवे तयारही होत नाहीत, घरची मोठी माणसं तसं सांगत असली तरी. काही जाती दगडाखाली, बांधाच्या बिळात, पूर्वेकडच्या काळ्या जमिनीच्या भेगांत शिरतात. एक गुबगुबीत बेडूक मागच्या टाचेवरच्या कडक, खुरप्यासारख्या उंचवट्याने माती उकरत मागच्या मागे जमिनीत उतरतो. आत अंगाची सगळी कामं मंदावतात, खाणं बंद होतं. विहिरीतला, पाण्यावरून सरसर उड्या मारत जाणारा बेडूक मात्र वर्षभर दिसतो, कारण त्याचं पाणी आटत नाही. "आकाशातून बेडूक पडले" हेही असंच. एकाच वेळी तयार झालेली, सेंटिमीटरभराची शेकडो पिल्लं पावसाची सर पडताच एकदम डबकं सोडतात, आणि सकाळी रस्ताभर तीच.

उभयचर म्हणजे पाण्यात आणि जमिनीवर राहणारा, ही व्याख्या वर्गात टिकत नाही. मग खेकडा का नाही? बदक का नाही? मुलं विचारतातच. बालपण कल्ल्यांनी पाण्यात आणि मोठेपण फुप्फुसांनी हवेत, असे एकाच जन्मात दोन संसार, असं सांगा. "थंड रक्ताचा" हा शब्दही टाळा. उन्हात बसलेल्या बेडकाचं रक्त गरमच असतं. तो ऊब बाहेरून घेतो, आपण ती जेवणातून तयार करतो.

तुमच्या वर्गात घरी कन्नड बोलणारी मुलं असतील तर एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. बेडकाला ती कप्पे म्हणतात, आणि बेडूकमाशाला गोदमोट्टे. त्या शब्दात मोट्टे, म्हणजे अंडं, असल्यामुळे काहींना अंडं आणि बेडूकमासा एकच वाटतं. मराठीत उलटी गफलत होते, नावात मासा असल्याने ते माशाचं पिल्लू वाटतं. दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहून अंडं, बेडूकमासा आणि मासा यांची तीन चित्रं काढून घ्या.

शेवटी एक सावधगिरी, खास तुमच्या बाजूसाठी. जांबोटी, चोर्ला, आंबोलीच्या घाटमाथ्यावर अशी झुडपी बेडकं आहेत ज्यांच्यातल्या काहींना बेडूकमाशाची पायरीच नाही. ओल्या पानाआड अंडी असतात आणि अंड्यातून सरळ इवला बेडूक निघतो. आंबोलीचा भेक तर जगात फक्त त्या परिसरातच सापडतो, तो सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, उथळ पाण्यात अंडी घालतो, आणि त्याला नाव मिळालं २००९ मध्ये. शेत नांगरताना सापडणारं, गांडुळासारखं पण गुळगुळीत आणि जबडा असलेलं देवगांडूळ हेही बेडकाचंच चुलत भावंड. तेव्हा "सगळ्या बेडकांचं असंच असतं" हे वाक्य तेवढं पट्टीवर लिहू नका. "आपल्या डबक्यातल्या बेडकाचं" असं लिहा, आणि खाली तारीख घाला.